मरणाचा प्रसंग सगळ्यात शेवटी लिहा: प्रेम, जाणं आणि सावरणं यावर तरुणांसाठी कादंबरी लिहिताना

आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात दर रविवारी सकाळी पोहे झाले की पाच-सहा मुलंमुली आपापली हस्तलिखितं घेऊन बसतात, कुणी होळकर कॉलेजचं, कुणी भंवरकुआँला कोचिंग करणारं, एक मुलगी तर राऊहून येते. प्रेम आणि मृत्यू यावरच्या अर्ध्यामुर्ध्या कादंबऱ्या मी इतक्या वाचल्यात की आता पहिल्या दहा पानांतच कळतं गाडी कुठं घसरणार ते. चूक जवळपास सगळ्यांची एकच असते. दोघं भेटतात, पाऊस पडतो, दीडशे पानं प्रेम चालतं, मग एकशेसाठाव्या पानावर त्यातलं एक जण मरतं आणि शेवटच्या आठ पानांत उरलेलं माणूस आभाळाकडे बघून हसतं. सावरणं म्हणून जे काय असतं ते सगळं त्या आठ पानांत कोंबलेलं.

आणि वाचणारी सोळा-अठरा-वीस वर्षांची पोरं पुस्तक हातात घेतात ती नेमकी त्या आठ पानांसाठी. कुणाची आजी गेलेली असते, कुणाचा मित्र, कुणाचे बाबा, आणि त्यांना बघायचं असतं की सगळे नातेवाईक आपापल्या घरी गेल्यावर पुढच्या मंगळवारी माणूस नक्की करतो काय. ते आपण लिहीतच नाही.

म्हणून इथं क्रम देतेय. सगळीकडे एकच उदाहरण धरते म्हणजे गोंधळ नको. जुई, वय 19, होळकर कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिची आई घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची, चकली-अनारसे-करंज्या. आई डेंग्यूनं जाते. ऑर्डरी आधीच घेतलेल्या आहेत आणि आईचा फोन वाजत राहतो. मागे बाबा आणि तेरा वर्षांचा धाकटा भाऊ ओम. आणि निनाद, वय 21, ज्याच्या आजीनं दोन किलो चकल्या सांगितल्यात आणि ज्याला काहीच माहीत नाही.

पायरी 1: गेलेल्या माणसाला आधी जिवंत करा

कथानक, चॅप्टर, नाव, कव्हर, सगळं बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि जे माणूस जाणार आहे त्याच्याबद्दल चाळीस गोष्टी लिहा. पहिल्या दहा-बारा सगळ्यांच्या सारख्याच येतात, प्रेमळ होती, सगळ्यांसाठी करायची, कधी चिडायची नाही. त्या खोडा. खरी आई अठराव्या-विसाव्या नंबरपासून सुरू होते.

जुईच्या आईचं बघा कसं निघालं. ऑर्डरींची वही ती मागच्या पानापासून उलटी लिहायची. पोह्यांवर जीरावन मसाला कमी पडला की बाबांना न विचारता स्वतःच अजून टाकायची. उधारी मागायला लाजायची म्हणून गेल्या दिवाळीचे साडेतीन हजार अजून एका काकूंकडे अडकलेत. फोनवर ऑर्डर घेताना आवाज एकदम बारीक आणि गोड, फोन ठेवला की परत घरचा आवाज. ओमला जास्त लाड, जुईला जास्त काम, आणि जुईनं हे एकदा तोंडावर बोलून दाखवलं होतं. चकलीच्या भाजणीत नक्की काय किती ते कधीच लिहून ठेवलं नाही, विचारलं की म्हणायची “हाताला कळतं गं”.

ही शेवटची गोष्ट सापडली आणि मला कळलं की कादंबरी इथं आहे. हाताला कळत होतं आणि ते हात गेले. आता जुईकडे प्रश्न आहे आणि उत्तर द्यायला कुणी नाही.

या यादीत निदान पाच गोष्टी तरी न आवडणाऱ्या हव्यात. देवमाणूस मेलं तर वाचणाऱ्याला हळहळ वाटते पण पोकळी जाणवत नाही. ज्याच्याशी आपलं अर्धं भांडण राहिलंय ते माणूस गेलं की जास्त लागतं, कारण भांडण तसंच राहतं, मिटवायला दुसरी बाजू नसते.

तपासून बघा: यादी मित्राला वाचायला द्या, माणूस मेलंय हे सांगू नका. त्याला त्या बाईला भेटावंसं वाटलं तर पुढे जा. “चांगली आहे” एवढंच म्हणाला तर अजून दहा लिहा.

पायरी 2: कॅलेंडर समोर ठेवा, अंदाजे महिने लिहू नका

ही पायरी सगळे टाळतात आणि मग गरबा झाल्यावर गणपती येतात. आपल्याकडे दुःखाला तारखा असतात. सुतक दहा दिवस, दहावा, तेरावा, मग महिन्या-महिन्याचं, मग वर्षश्राद्ध. आणि बऱ्याच घरांत वर्षभर सण नाही. तुमच्या घरात काय पाळतात ते आजीला किंवा मोठ्या काकूंना विचारून घ्या, देशस्थ-कोकणस्थ-मराठा, प्रत्येकाकडे थोडं वेगळं असतं आणि आपल्या इंदुरात शंभर-दोनशे वर्षं राहिलेल्या घरांनी माळव्याचंही काहीबाही उचललंय.

जुईसाठी मी 2025 चं कॅलेंडर काढलं. अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबर. त्या रात्री आपल्याकडे झांक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, निघतात, बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या नावानं अजूनही निघतात, आणि अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. आईचा ताप त्याच दिवशी उतरला. घरात सगळ्यांना हुश्श झालं. आई म्हणाली जा गं, बघून ये, मी बरी आहे. जुई मैत्रिणींबरोबर गेली, पहाटे चारला आली.

आता डेंग्यूचं नीट माहीत असेल तर अंगावर काटा येतो, कारण डेंग्यूत धोक्याचा काळ बरेचदा ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतं, पोटात दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि घरचे म्हणत असतात ताप गेला, आता अशक्तपणा आहे. म्हणजे जुईची चूक काहीच नाही, आणि तिला आयुष्यभर वाटत राहणार की आहे. हा अपराधीपणा मी डोक्यातून काढला नाही, तो कॅलेंडर आणि आजार शेजारी ठेवल्यावर आपोआप हातात आला.

दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला, पौर्णिमा आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, भारतभर दिसलं. आई त्या रात्री जाते. हॉस्पिटलच्या बाहेर लोक मोबाईल वर धरून लाल चंद्राचे फोटो काढतायत आणि घरोघरी पाण्यात तुळशीपत्र टाकून ठेवलंय. हे मी स्वतःच्या मनानं लिहिलं असतं तर म्हटलं असतं फार फिल्मी होतंय, पण ते खरंच त्या रात्री होतं.

पुढे हिशोब सरळ आहे. तेरावा 19 सप्टेंबर, पितृपक्ष चालू असतानाच. दिवाळी 20-21 ऑक्टोबर, म्हणजे जेमतेम दीड महिना. ज्या घरातून गल्लीभर फराळ जायचा त्या घरात कढई चढणार नाही आणि नातेवाईक डबे घेऊन येतील, दुसऱ्यांच्या चकल्या. मग हिवाळा, सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, थंडीत तळून मिळणारा कंद. मग 8 मार्च 2026 ला रंगपंचमी, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याला रंगाचे फवारे, आणि आई जाऊन सहा महिने आणि एक दिवस. पुढे 2026 मधे अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं तिथीनं वर्ष पुढे सरकतं, अनंत चतुर्दशीच 25 सप्टेंबरला येते. जुईला इंग्रजी तारखेनं 7 सप्टेंबरला एकटीला आठवतं आणि घरात कुणीच काही बोलत नाही, कारण घर तिथी पाळतं. एक चॅप्टर इथंच मिळाला, फुकट.

सावधान: तारखा कादंबरीत छापायच्या नाहीत. त्या तुमच्यासाठी आहेत. पानावर फक्त गराडू आला पाहिजे, वाचणाऱ्याला कळतं थंडी पडली.

पायरी 3: जागा वाटून घ्या

दोनशे पानं धरली तर मरण साधारण तिसाव्या-चाळिसाव्या पानापर्यंत होऊन गेलं पाहिजे. काहीजण पहिल्या ओळीतच सांगतात, तेही चालतं. नंतरची दीडशे पानं उरलेल्यांची.

मुलं लगेच विचारतात, मग वाचणारा त्या माणसावर प्रेम कधी करणार, ते तर लवकर गेलं. तो करतो नंतर. घरात सापडणाऱ्या वस्तूंमधून, फोनमधल्या व्हॉइस मेसेजमधून, काकूंच्या बोलण्यातून, उधारीच्या साडेतीन हजारांतून. आई चाळिसाव्या पानावर गेली तरी शंभराव्या पानापर्यंत तिच्याबद्दल नवीन काहीतरी कळत राहिलं पाहिजे. म्हणून तर चाळीस गोष्टींची यादी केली ना. त्यातल्या दहा मरणाआधी वापरा, तीस नंतर.

सावधान: कथेत आत्महत्या असेल तर पद्धत लिहू नका, साधन, जागा, चिठ्ठीचा मजकूर, काही नाही. तिला सुंदर किंवा सुटका म्हणून दाखवू नका, एका कारणावर आणून ठेवू नका. तुमचं पुस्तक रात्री दोन वाजता कुणीतरी एकटं वाचणार आहे. पुस्तकात टेलि-मानस या मानसिक मदतीच्या हेल्पलाईनचा 14416 हा नंबर छापा, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो. आणि लिहिताना तुमचंच मन तिकडे जायला लागलं तर वही मिटून आधी तो नंबर लावा, कादंबरी थांबू शकते.

पायरी 4: दुःखाच्या पाच पायऱ्या विसरा

नेटवर शोधलं की पहिलं हेच येतं, नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार, आणि मुलं त्याचे पाच भाग करून कादंबरी बांधतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मधे हे मांडलं ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचा जिना म्हणून ते नव्हतंच. आणि जिना धरून लिहिलं की कादंबरी वेळापत्रकासारखी होते, आज राग, उद्या नैराश्य.

लिहिणाऱ्याच्या कामाचं जास्त आहे ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मधे सांगितलेलं. माणूस दोन बाजूंमधे येरझाऱ्या घालतं. एका बाजूला गेलेल्याची ओढ, रडणं, फोटो. दुसऱ्या बाजूला रोजचं, गॅस सिलेंडर बुक करणं, ओमच्या शाळेची फी, प्रॅक्टिकलची जर्नल. एका दिवसात चारदा इकडून तिकडे. आणि दुसऱ्या बाजूला असताना माणूस हसतं पण, मग हसल्याचं वाईट वाटून परत पहिल्या बाजूला.

माझे बाबा गेले तेव्हा आठवडाभर मी रडले नाही, मी त्यांच्या चष्म्याचं घर शोधत होते. चष्मा होता, घर नव्हतं. कपाटं उपसली, शेजारी विचारलं, आई म्हणाली अगं सोड आता, पण मला तेच पाहिजे होतं. बावीस दिवसांनी कोटाच्या खिशात सापडलं आणि मी तिथंच खाली बसले. कुणी मला विचारलं असतं तू कुठल्या पायरीवर आहेस तर मी काय सांगणार होते.

तर करायचं असं. छोटी कार्डं कापा, जुन्या लग्नपत्रिका पण चालतात. प्रत्येक कार्डावर एक प्रसंग. निळ्या पेनानं ओढीचे, काळ्यानं रोजचे. मग जमिनीवर मांडा. सलग चार निळी आली तर मधे काळं घाला. सगळ्यात चांगली ती कार्डं ज्यांच्यावर दोन्ही रंग लागतात. जुई आईच्या फोनचं रिचार्ज संपत आलंय म्हणून दुकानात उभी आहे, दुकानदार विचारतो किती दिवसांचं मारू, 28 का 84, आणि तिला उत्तर देता येत नाही. हे काम पण आहे आणि शोक पण आहे, आणि कुणीही रडलेलं नाही.

घरातली बाकी माणसं विसरू नका. तरुणांच्या कादंबरीत आईबाप फक्त अडथळा म्हणून येतात, ही मोठीच गफलत आहे. बाबा दुसऱ्या आठवड्यात आईच्या साड्या बहिणीला देऊन टाकतात कारण त्यांना कपाट उघडवत नाही, आणि जुईला वाटतं त्यांना काही वाटतच नाही. ओम काहीच बोलत नाही पण रोज आईच्या जागेवर झोपतो. तीन माणसं, तीन वेगवेगळे वेग, एकच दोन खोल्यांचं घर. त्यांची भांडणं यातूनच होऊ द्या, बाहेरून खलनायक आणू नका.

तपासून बघा: मरणानंतरच्या पहिल्या महिन्यात तुमचं पात्र शहाण्यासारखी वाक्यं बोलतंय का? “आयुष्य थांबत नाही” वगैरे? काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मधे, लांबलेल्या शोकाला आजार म्हणायलासुद्धा किमान 6 महिने जावे लागतात. तुम्ही तीन आठवड्यांत बरं करू नका.

पायरी 5: आता प्रेम आणा, पण औषध म्हणून नाही

इथं जास्तीत जास्त हस्तलिखितं पडतात. मुलगी दुःखात, मुलगा येतो, मुलगा समजूतदार, मुलगा हसवतो, मुलगी बरी. मग त्या मुलाचं स्वतःचं काय? तो कशाला आला? त्याला रात्री झोप लागते का? त्याचं काहीच नसतं, तो चालताबोलता रुमाल असतो.

निनादला मी आधी स्वतःची अडचण दिली. त्याची आजी विसरायला लागलीय, दर दिवाळीला त्याच काकूंच्या चकल्या मागते आणि त्या खाल्ल्या की तिला जुनं काहीतरी आठवतं, निनादला ते पाहिजे. म्हणजे त्याला पण कुणीतरी हातातून निसटताना दिसतंय, फक्त हळूहळू. दोघांना एकाच चकलीची गरज आहे आणि ती करणारी नाही. आता प्रेमाला कारण मिळालं.

पहिली भेट फोनवर.

“काकू आहेत का? आजीनं भाजणीच्या चकल्या सांगितल्या होत्या, दोन किलो.”

“काकू नाहीयेत.”

“बरं बरं, मग संध्याकाळी करू का फोन?”

“संध्याकाळी पण नसतील.”

“बाहेरगावी गेल्यात का? नाही म्हणजे घाई नाहीये, दिवाळीला वेळ आहे.”

आणि जुई हो म्हणते. हो, गेल्यात. तिनं पहिल्यांदा खोटं बोललं आणि पाच मिनिटं आई बाहेरगावी होती. हे खोटं पुढे पन्नास पानं चालवता येतं, आणि उघडं पडतं तेव्हा निनादला राग यायला हक्क आहे. प्रेमकथेत एकाला दुःख आहे म्हणून दुसऱ्यानं सगळं सहन करायचं असं लिहू नका. दुःखी माणूस पण चुकतं, पण दुखावतं, आणि त्याला माफी मागावी लागते.

क्रम असा ठेवा: आधी काम, मग सवय, मग ओढ, आणि मग अपराधीपणा. काम म्हणजे दोघं मिळून भाजणीचं प्रमाण शोधतात, वहीतून, दळणाच्या चिठ्ठ्यांवरून, जुन्या गिऱ्हाइकांना विचारून. तांदूळ किती, हरभरा डाळ किती, उडीद डाळ किती. पहिला घाणा तेलात फुटतो, मोहन जास्त झालं. सवय म्हणजे रोज साडेपाचला त्याचा मेसेज. ओढ म्हणजे साडेपाचला मेसेज आला नाही तेव्हा. आणि अपराधीपणा सगळ्यात महत्त्वाचा, जुईला एके दिवशी लक्षात येतं की आज दुपारपर्यंत आईची आठवणच आली नाही. त्या दिवशी ती निनादशी भांडते आणि दोघांनाही कारण कळत नाही. वाचणाऱ्याला कळतं.

सावधान: वय आधी ठरवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, संमती वगैरे मुद्दा तिथं येत नाही. पात्रं शाळेतली असतील तर शरीराच्या जवळिकीचे प्रसंग लिहूच नका. आणि मोठी असली तरी शोकात बुडालेल्या माणसाच्या जवळ जाताना दुसऱ्यानं विचारलेलं दिसू द्या. न विचारता मिठी मारणं हे आपण फार वर्षं रोमँटिक म्हणून खपवलंय.

तपासून बघा: निनादला कादंबरीतून काढून टाका, मनातल्या मनात. जुई तरीही हळूहळू सावरते का? सावरत नसेल तर तुम्ही तिला सावरलेलंच नाही, फक्त दुसऱ्याच्या हातात दिलंय.

पायरी 6: बोलणं इंदूरचं राहू द्या

घरात मराठी, रिक्षात हिंदी, कॉलेजात खिचडी, हे आपलं रोजचं आहे आणि ते तसंच लिहा. पुण्याची मराठी आणायचा प्रयत्न करू नका, ती वाचताना उसनी वाटते. जुई बाबांशी “अहो बाबा” बोलते का “ए बाबा” हे पहिल्याच पानावर ठरवा आणि मग बदलू नका. शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या की मराठीत सुरू करतात आणि रडायला लागल्या की हिंदीत जातात, हे मी स्वतः पाहिलंय. मैत्रीण मेसेजमधे “क्या भिया” म्हणते, ते तसंच ठेवा, खाली अर्थ देऊ नका.

गाण्यांच्या ओळी मात्र टाकू नका. प्रत्येक हस्तलिखितात सात-आठ गाणी सापडतात. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, लिहिणारा गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतात, आणि प्रकाशक पहिल्यांदा तेच काढायला लावतो. गाणं चालू होतं एवढं म्हणा, कुणी आवाज कमी केला ते सांगा, पुरतं.

पायरी 7: सावरणं म्हणजे काय बदललं ते एका कृतीत दाखवा

विसरणं म्हणजे सावरणं असं आपल्या डोक्यात बसलंय. शोकाचा अभ्यास करणारे 1996 पासून उलटं सांगतायत, गेलेल्याशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. आपल्या आज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे, दर वर्षी पान वाढतात.

म्हणून शेवटासाठी एक कृती शोधा जी सुरुवातीला जमत नव्हती आणि आता जमते, थोडी वेगळ्या पद्धतीनं. फोनचं रिचार्ज जुई अजूनही मारते, पण आता फोन वाजला की उचलून म्हणते, “काकू गेल्या हो, सप्टेंबरात. मी त्यांची मुलगी. सांगा, किती किलो?” तिची चकली आईसारखी होत नाही. निनादची आजी खाते आणि म्हणते ही त्यांची नाहीये, पण अजून एक दे. एवढाच शेवट. लग्न नाही, समुद्रकिनारा नाही, आभाळातली चांदणी तर नाहीच नाही.

पायरी 8: आता मरणाचा प्रसंग लिहा

पहिल्या चाळीस पानांत येणारा हा प्रसंग मी सगळ्यात शेवटी लिहायला लावते आणि मुलं दर वेळी वाद घालतात. कारण साधं आहे. सुरुवातीला लिहिलात तर तुम्हाला फक्त मरण माहीत असतं, ते कुणाचं आहे हे माहीत नसतं, मग तुम्ही मॉनिटरची सरळ रेघ, पांढरी चादर, डॉक्टरांचं “आय ॲम सॉरी” असं कुठूनतरी पाहिलेलं उचलता. दोनशे पानं झाल्यावर तुम्हाला माहीत असतं की जुईला नंतर काय काय आठवणार आहे, रिचार्ज, उलटी वही, झांकीची रात्र, आणि मग तेवढंच त्या प्रसंगात पेरायचं असतं.

दोन-अडीच पानांच्या वर जाऊ देऊ नका. निरोपाचं भाषण नको, डेंग्यूत शॉकमधे गेलेलं माणूस असं बोलत नाही. शेवटचं वाक्य अगदी साधं असू द्या. जुईच्या आईचं शेवटचं वाक्य मी ठेवलं, “चपला नीट घालून जा, गर्दी असते.” झांकीला निघताना म्हणालेलं. नंतर दोघींचं बोलणं झालंच नाही.

तुमचं स्वतःचं दुःख ताजं असेल, वर्षाच्या आतलं, तर ही पायरी पुढे ढकला. यादी करा, कार्डं करा, वही भरा, पण हा प्रसंग नको. तो थांबतो, कुठं जात नाही. आणि घरातल्या कुणाचं खरं मरण वापरत असाल तर घरच्यांना आधी विचारा, छापून आल्यावर नाही. माझ्या ओळखीत एका घरात यावरून बहिणी अजून बोलत नाहीत.

पायरी 9: मोठ्यानं वाचून दाखवा

तीन जणांना. एक जण कादंबऱ्या भरपूर वाचणारं, एक जण वीसच्या आतलं, आणि एक असं ज्यानं खरंच कुणाला गमावलंय, त्याला विषय आधी सांगून, नाही म्हणायची मोकळीक देऊन. एका बैठकीत चाळीस पानांच्या वर नको. तुम्हीच वाचा, मोबाईलवर पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका, पीडीएफ कुणी वाचत नाही.

त्याआधी एक काम करा, पूर्ण फाईलमधे “अश्रू”, “डोळे पाणावले”, “हुंदका”, “काळीज” हे शब्द शोधा आणि मोजा. पहिल्या ड्राफ्टमधे साठ-सत्तर निघतात. दहावर आणा. जिथं काढाल तिथं दुसरं काही भरू नका, पुढचं वाक्य आपोआप पुढे सरकतं.

वाचताना ऐकणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. कुणी मोबाईल उचलला त्या पानाला पेन्सिलनं फुली. कुणी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं तिथं गोल. फुलीची पानं त्याच आठवड्यात कापा. गोलाच्या पानांना महिनाभर हात लावू नका, आणि नंतरही लावलात तर फक्त शुद्धलेखनासाठी.